मुक्काम पोस्ट निशी-कासाई

ऑफिसची ऑर्डर येते, 'दोन वर्षांसाठी टोकियो.' घरात पेढे वाटले जातात, बॅगा भरल्या जातात आणि विमान उडते. पण परदेशातल्या नोकरीची खरी सुरुवात ऑफिसच्या टेबलावर होत नाही. ती होते वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी, कचऱ्याच्या जाळीपाशी आणि शेजाऱ्याच्या दारात. टोकियोतल्या 'छोट्या भारता'ची ही ओळख.

टोकियोच्या पोटातून धावणारी तोझाई लाइनची गाडी पूर्वेकडे निघाली, की मिनामी-सुनामाची स्टेशन सोडल्यावर एकदम उजेडात येते. खाली अराकावा नदीचे रुंद पात्र पसरलेले असते. लांबलचक पूल संपला की पलीकडच्या तीरावरचे पहिलेच स्टेशन निशी-कासाई. 'निशी' म्हणजे पश्चिम. कासाई नावाच्या जुन्या कोळीवस्तीचा हा पश्चिम भाग, टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला.

संध्याकाळी सातनंतर इथे उतरणाऱ्या गर्दीत दर दोन-चार मिनिटांनी एखादा आपल्याकडचा चेहरा दिसतो. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी. कुणी तमीळमध्ये बोलत असते, कुणी तेलुगूत, कुणी हिंदीत. जरा कान दिला तर 'अगं, दही घेऊन येतोय' असे खास घरगुती मराठीही ऐकू येते. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीयांची संख्या २०२४ साली पन्नास हजारांच्या पुढे गेली. टोकियोतल्या वॉर्डांमध्ये त्यांची सर्वांत मोठी वस्ती आहे ती या एदोगावात. आणि त्यांतले बहुतेक इथे आले ते कायमचे राहायला नव्हे. कुणी सहा महिन्यांसाठी, कुणी वर्षासाठी, कुणी 'प्रोजेक्ट संपेपर्यंत'.

समुद्र हटला, वस्ती आली

कासाईचा किनारा एकेकाळी मासे, शिंपल्या आणि 'नोरी' या समुद्री शेवाळाच्या वाळवणासाठी प्रसिद्ध होता. कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि भराव टाकण्याच्या योजनांनी तो धंदा बसला. १९६२ साली इथल्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडून दिले. पुढे समुद्र मागे हटवला गेला, सरळ रेषेतले रस्ते आखले गेले, सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. १९७९ साली निशी-कासाई स्टेशन सुरू झाले. म्हणजे ही वस्तीच मुळात बाहेरून आलेल्यांची. इथे 'सात पिढ्यांपासूनचे' असे म्हणणारे थोडेच.

त्याच सुमारास मूळचे कोलकात्याचे जगमोहन चंद्रानी हे चहाचे व्यापारी इथे येऊन स्थिरावले. तेव्हा या भागात भारतीय माणूस शोधून सापडत नव्हता. चित्र पालटले ते १९९०च्या दशकाच्या शेवटी. सन २००० उजाडताना जगभरचे संगणक तारखेच्या घोळाने बंद पडतील की काय, अशी धास्ती होती. ते दुरुस्त करण्यासाठी जपानी बँकांना आणि कंपन्यांना माणसे हवी होती आणि ती भारतात होती. २००० साली जपानचे पंतप्रधान योशिरो मोरी भारतात आले, ते बंगळूरलाही जाऊन आले. दोन्ही देशांतला हा नवा धागा तेव्हापासून घट्ट होत गेला.

पण तरुण अभियंते आले तरी त्यांना घर कोण देणार? जपानी घरमालकाला हवा असतो जामीनदार. शिवाय अनामत रक्कम, आणि 'रेइकिन' नावाची एक अजब भेट. घर दिल्याबद्दल मालकाचे आभार म्हणून द्यायची आणि परत न मिळणारी! चंद्रानींनी या मुलांसाठी खटपट केली, घरे मिळवून दिली, शाकाहारी जेवणाची सोय केली. सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत जामीनदारही लागत नाही आणि रेइकिनही नाही. त्यात तोझाई लाइनने बँका आणि मोठ्या कंपन्यांचा ओतेमाची हा भाग पंधरा-वीस मिनिटांवर. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आपल्याकडे गावचा माणूस मुंबईत गिरणगावात खोली धरतो आणि मागोमाग अर्धे गाव तिथेच उतरते, तसेच हे झाले.

पहिले चौदा दिवस

विमानतळावर उतरताच दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्याच्या हाती एक कार्ड पडते. हे 'झाइर्यू कार्ड', म्हणजे रहिवासाचे ओळखपत्र. बाहेर पडताना ते कायम जवळ बाळगावे लागते. घर ठरले की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. मग आरोग्य विम्याची व्यवस्था, मग बँकेचे खाते, मग फोन. एकाची कडी दुसऱ्यात अडकलेली. पत्ता नाही तर खाते नाही, फोन नंबर नाही तरी खाते नाही आणि खात्याशिवाय फोन मिळायलाही अडचण! नवख्याला पहिल्या आठवड्यात चक्रव्यूहात शिरल्यासारखे वाटते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. खिडकीपलीकडचा कारकून ओरडत नाही, 'उद्या या' म्हणत नाही. पण फॉर्मवरचे एक अक्षर चुकले तर शांतपणे नवा फॉर्म पुढे करतो. नावाचा क्रम पासपोर्टवर जसा तसाच हवा. आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव आधी. त्यामुळे मराठी माणसाचे तिहेरी नाव जपानी रकान्यांत मावता मावत नाही. म्हणून जाण्यापूर्वीच एकाच पद्धतीने नाव लिहिण्याची सवय करावी, हे बरे.

आणखी एक कागद निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आला. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला त्यामुळे जपानी पेन्शनची वर्गणी भरण्यातून सूट मिळू शकते. मात्र त्यासाठी भारतातून प्रमाणपत्र न्यावे लागते. पगाराच्या आकड्याकडे सगळे पाहतात, या प्रमाणपत्राकडे फार थोडे.

कचऱ्याची परीक्षा

नवा भाडेकरू कसा आहे, हे जपानी शेजारी त्याच्या कपड्यांवरून ठरवत नाहीत. कचऱ्यावरून ठरवतात! जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, न जळणारा महिन्यातून दोन दिवस, बाटल्या-डबे-कागद आठवड्यातून एक दिवस. तेही सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागी, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून पसरलेल्या जाळीखाली. (कावळे तिथेही आपल्यासारखेच आगाऊ.) बाटलीचे झाकण वेगळे, कागदी वेष्टन वेगळे, बाटली धुऊन. जुनी खुर्ची टाकायची तर फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून शुल्काचे स्टिकर विकत आणायचे आणि ते खुर्चीवर चिकटवायचे.

चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले नेत नाहीत. तिच्यावर एक चिठ्ठी लावून ती तिथेच ठेवतात. ती दिवसभर तिथे दिसते आणि इमारतीतल्या प्रत्येकाला कळते, की नवीन कुणीतरी आले आहे. सुरुवातीच्या काळात भारतीय आणि जपानी रहिवाशांत कुरबुरी झाल्या त्या अशाच बाबतींत. कचरा, रात्रीचा आवाज, फोडणीचा वास. त्यावर तोडगा निघाला तोही साधाच, सूचना इंग्रजीत लागल्या आणि जुन्या भारतीय रहिवाशांनी नव्यांना हाताला धरून शिकवले.

जपानमध्ये नव्या घरी राहायला गेले, की शेजाऱ्यांना भेटून छोटीशी भेट देण्याची जुनी चाल आहे. टॉवेल, साबणाची पुडी, बिस्किटांचा डबा, असे काहीतरी. कुणाकुणाला भेटायचे, याचाही ठोकताळा आहे. समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंचे शेजारी. मोठ्या शहरात ही चाल आता विरळ झाली आहे, तरी परक्याने ती पाळली तर तिचे मोल दुप्पट होते. आपल्या घरची वाटीभर साखर शेजारी जाण्यासारखेच ते. दारावरची बेल वाजवून, वाकून, पाठ केलेले एक वाक्य म्हणायचे, 'योरोशिकु ओनेगाई शिमासु.' अर्थ साधारण असा, की आमच्यावर लोभ असू द्या. एवढ्यावर पुढची दोन वर्षे सुखाची जातात.

स्वयंपाकघराची जुळवाजुळव

घरात शिरताना दाराशी 'गेनकान' असते, पायताणे काढण्याची खोलगट जागा. इथे मराठी माणसाला काही शिकवावे लागत नाही. अडचण येते ती पुढे, स्वयंपाकघरात. तांदूळ मिळतो, पण तो आखूड आणि चिकट. भाज्या ताज्या, पण कोथिंबिरीची जुडी आपल्याकडच्यासारखी भाजीवर फुकट मिळत नाही. शाकाहारी माणसाची खरी परीक्षा हॉटेलात. सूप वरून भाजीचे दिसते, पण त्याच्या मुळाशी 'दाशी' असते, वाळवलेल्या माशाचा अर्क. 'यात मांस नाही' असे उत्तर मिळाले तरी मासा असू शकतो, कारण विचारले होते ते मांसाबद्दल!

निशी-कासाईचा आधार इथे कळतो. तूरडाळ, हिंग, पोहे, गव्हाचे पीठ, मोहरी, लोणचे, हे सारे चालत जाण्याच्या अंतरावरच्या भारतीय दुकानांत मिळते. पहिल्या शनिवारी पोह्यांवर खोबरे पडले, की घरातल्या माणसाचा चेहरा खुलतो. तरीही जुने रहिवासी नव्यांना एक सल्ला देतात. भारतातून प्रेशर कुकर आणा, पण वीस किलो डाळ आणू नका. ते वजन मुलांच्या पुस्तकांना द्या.

गर्दी ओळखीची, शांतता अनोळखी

सकाळची तोझाई लाइन पाहून मुंबईकराला माहेरी आल्यासारखे वाटते. जपानमध्ये गाड्यांतल्या गर्दीचे मोजमाप दरवर्षी जाहीर होते. २०१९ साली या लाइनच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी नोंदली गेली. देशातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी हा एक. सकाळी महिलांसाठी राखीव डबाही असतो. मात्र विरारच्या गाडीतले भजन, भाजी निवडणे, चौथ्या सीटसाठीची हुज्जत यांतले इथे काही नाही. खच्चून भरलेल्या डब्यात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. फोनवर बोलणे म्हणजे असभ्यपणाच.

ऑफिसातही शब्दांपेक्षा शांतता वाचावी लागते. समोरचा 'हाय, हाय' म्हणत मान हलवतो, तेव्हा 'मी ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ. 'मला पटले' असा नव्हे. 'यावर विचार करू' हे पुष्कळदा नकाराचे सभ्य रूप. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक शब्द शिकवला जातो, 'होरेन्सो'. होकोकु, रेन्राकु, सोदान. म्हणजे झाले ते सांगणे, कळवत राहणे आणि अडले की विचारणे. या तिन्हींची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला. गंमत म्हणजे जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेन्सोच म्हणतात! आपला अभियंता हुशार असतो, अडचण आली तर रात्र जागून ती एकटा सोडवतो आणि सकाळी अभिमानाने सांगतो. जपानी साहेबाला मात्र हवे असते ते अडचण आल्या क्षणीच सांगणे. कौशल्य कमी पडते म्हणून नव्हे, तर या एका फरकामुळे सुरुवातीचे महिने जड जातात.

जिची बदली झाली नाही ती

परदेशी नेमणुकीच्या कौतुकात एका व्यक्तीचे नाव ऑर्डरवर नसते. ते असते सोबत जाणाऱ्या पत्नीचे किंवा, अलीकडे, पतीचे. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्री नऊला परततो. मागे राहते ती दोन खोल्यांच्या घरात, भाषा न येता. पुण्यात किंवा नागपुरात ती स्वतः शिक्षिका, हिशेबनीस किंवा अभियंता असते. इथे तिच्या व्हिसावर लिहिलेले असते 'अवलंबित'. परवानगी काढली तर तिला आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते, पण ही माहितीही कित्येकींना महिनोन् महिने नसते. भारतातल्या घड्याळापेक्षा टोकियोचे घड्याळ साडेतीन तास पुढे. दुपारी एकला तिला आईशी बोलावेसे वाटते, तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ. घरातली सकाळच्या कामाच्या घाईत.

या पोकळीवर उपाय घराबाहेरच सापडतो. स्वयंसेवक चालवत असलेले जपानीचे वर्ग, वाचनालय, बागेतल्या आयांचा कट्टा. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. ऑर्डर हाती पडल्यापासून निघेपर्यंतच्या काळात नवऱ्याबरोबर पत्नीनेही दोन लिप्या, शंभर शब्द आणि दहा वाक्ये शिकून घेतली, तर पहिल्या हिवाळ्याची धार बरीच बोथट होते. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळी होते. पण मंडळ वर्षातून काही दिवस भेटते, शेजारीण रोज.

मुलांचा प्रश्न त्याहून अवघड. टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाची एक शाळा २००४ साली आणि दुसरी २००६ साली निघाली. परतल्यावर मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून बहुतेक पालक तिकडे वळतात. वॉर्डाच्या जपानी शाळेतही परदेशी मुलांना मोफत प्रवेश मिळतो. तिथे मूल सहा महिन्यांत जपानी बोलू लागते, चालत शाळेत जाते, वर्ग स्वतः झाडते. पण मराठी वाचायला मात्र घरीच शिकवावे लागते. कोणती शाळा बरोबर? उत्तर अवलंबून असते ते 'दोन वर्षे' खरोखर किती वर्षांची, यावर. आणि नेमके तेच कुणाला ठाऊक नसते. दोनाची चार होतात, चाराची सात. तोवर घर मात्र उद्याच निघायचे असल्यासारखे असते. बॅगा पलंगाखाली, भिंतीवर एक चित्र नाही, गादी जमिनीवर. 'कशाला घ्यायचे, जायचेच तर आहे!' या एका वाक्यापायी कित्येक कुटुंबांनी आयुष्यातली चांगली वर्षे प्रतीक्षालयात बसल्यासारखी काढली आहेत.

जमीन हलते तेव्हा

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये महाभूकंप झाला. टोकियोही हादरले, गाड्या थांबल्या, हजारो लोक तासन् तास चालत घरी गेले. अणुभट्टीच्या बातम्यांनी भारतातल्या आईवडिलांचे धाबे दणाणले. अनेक भारतीय कुटुंबे तेव्हा मायदेशी गेली आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा आली. तात्पुरता आणि कायमचा यांतला फरक जमीन हलताना उरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

एदोगावाला धोका पाण्याचाही आहे. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा छापला. त्याच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच हद्दीवर लिहिले होते, 'इथे थांबू नका'. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आले आणि शाळांमध्ये आसरे उघडले गेले. म्हणून नव्या माणसाने पहिल्याच रविवारी आपला आसरा कोणती शाळा, हे चालत जाऊन पाहावे. दाराशी एक पिशवी भरून ठेवावी. पाणी, विजेरी, औषधे, पासपोर्ट, थोडी रोकड. मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. तो पुन्हा कसा चालू करायचा, हे घरी असणाऱ्या व्यक्तीला आधी माहीत हवे.

नदी खोदणारा माणूस

आता त्या अराकावा नदीकडे पुन्हा पाहू. पुलावरून दिसणारे तिचे हे रुंद पात्र निसर्गाने घडवलेले नाही, ते माणसांनी खोदलेले आहे. १९१०च्या महापुराने टोकियो बुडाले, तेव्हा पाणी समुद्राकडे वळवण्यासाठी बावीस किलोमीटरचा नवा प्रवाह खोदायचे ठरले. १९२४ साली त्यात पाणी सोडले गेले, १९३० साली सारे काम पुरे झाले. या कामाची धुरा वाहणारा अभियंता होता अकिरा आओयामा.

हा माणूसही एकदा परदेशात तात्पुरत्या कामावर गेला होता. १९०४ साली तो पनामा कालव्यावर रुजू झाला, मोजणीची पट्टी धरणारा साधा मदतनीस म्हणून. कालव्यावर काम केलेला तो एकमेव जपानी अभियंता. उकाडा, हिवताप, परकी भाषा, सारे सोसत तो वर चढत गेला. १९१४ साली कालवा खुला झाला, तेव्हा तो तिथे नव्हता. १९११च्या अखेरीस तो मायदेशी परतला होता. तिथे शिकलेले सारे त्याने टोकियोच्या या चिखलात ओतले. आज लाखो माणसे त्या बांधांच्या आडोशाने राहतात, त्यांत आपलेही हजारो.

निशी-कासाईतही अशी उदाहरणे घडू लागली आहेत. अंबरनाथ-पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक जपानला गेले, तिथले नागरिक झाले आणि २०१९ साली याच एदोगावा वॉर्डातून निवडून आले. पुढे २०२३ साली ते इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. २०२४ साली वॉर्डातल्या चौकात महात्मा गांधींचा पुतळा बसला. पण सगळ्यांनीच तिथे राहावे असे मुळीच नाही. बहुतेक परत येणारच आहेत, यावेही. प्रश्न फक्त मधल्या काळाचा आहे.

रविवारी ऊन असले की ही कुटुंबे समुद्रकाठच्या कासाई रिन्काई उद्यानात जातात. १९८९ साली खुल्या झालेल्या या बागेत मत्स्यालय आहे आणि ११७ मीटर उंचीचा आकाशपाळणाही. आकाश निरभ्र असेल तर वरून फूजी पर्वत दिसतो. पाळण्याचा फेरा काही मिनिटांचाच असतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून कुणी डोळे मिटून बसत नाही. परदेशातल्या दोन वर्षांचेही तेच. पहिल्याच आठवड्यात बॅगा रिकाम्या कराव्यात, भिंतीला खिळे चालत नसतील तर चित्र टेबलावर ठेवावे, कुंडीत कढीपत्ता लावावा आणि शेजारच्या दाराची बेल वाजवावी. निघायचा दिवस यायचा तेव्हा येईलच.